सहा गाणी, चार शहरं, चौघांचा बँड : लेबलशिवाय रिलीज आणि टूर

चौथी_तार
मराठीतून रॉक करणाऱ्या, पाठीशी लेबल नसलेल्या बँडसाठी हा धागा. सगळ्यांनी एकच उदाहरण डोळ्यासमोर ठेवून लिहावं, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. बँड पुण्याचा: दोन गिटार, बेस, ड्रम्स. एक गिटारवाला मुख्य गायक, बेसवाला मागून साथ देतो. सहा गाण्यांचा ईपी (अल्बमहून छोटा संच), मिक्सिंग संपत आलंय. डिसेंबरात मुंबई, कोल्हापूर, पणजी आणि बंगळुरू. रिलीजची तारीख कशी ठरवायची, हक्कांची कागदपत्रं कोणती, सोबत काय न्यायचं आणि पैशाचं काय, एवढं सविस्तर यावं. "मेहनत करा, यश मिळेल" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

रात्रपाळी_मिक्स
मास्टर, म्हणजे मिक्सिंगनंतरची अंतिम फाइल, हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पोस्टर फिरायला लागतं आणि तिसऱ्या गाण्यातल्या गायकाच्या आवाजाची पातळी अजून पटलेली नसते.

मास्टर २४ बिट वेव्ह फाइलमध्ये घ्या, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, ज्यात रेकॉर्डिंग झालं तेच. एमपीथ्री अपलोड करायची नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाज सरासरी किती मोठा भासतो त्याचं माप) पातळीवर आणून वाजवतं. म्हणून मास्टर उणे १४ वरच करा असा सल्ला फिरतो, तो रॉकला मानवत नाही. उणे ९-१० चा दणकट मास्टर चालतो, तिथे फक्त त्याचा आवाज खाली घेतला जातो. मात्र खाली घेतल्यावर चिरडलेला स्नेअर जास्तच केविलवाणा वाटतो. तेव्हा दोन्ही मास्टर समान आवाजाला लावून ऐका आणि मग ठरवा. ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच शिखर) उणे १ डीबीच्या खाली ठेवा, मास्टर जोरकस असेल तर उणे २. कारण फाइल दाबून लहान करताना शिखरं वर उसळतात आणि झांजांवर खरखर येते.

वितरकाकडे (तुमची गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर चढवणारी कंपनी) अपलोड रिलीजच्या किमान चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं रिलीजआधीच पाठवता येतं, एका वेळी एकच. फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीमध्ये तुमच्या निवडीचं गाणं जायला ते किमान ७ दिवस आधी पाठवलेलं हवं. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. छपाईवाल्याची सीएमवायके फाइल तशीच चढवली तर रंग मरतात. कव्हरवर वेबसाइटचा पत्ता किंवा क्यूआर असेल तर ते परत येतं आणि आठवडा जातो.

आयएसआरसी हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षरी क्रमांक, वितरकच देतो. सप्टेंबरात सिंगल म्हणून आलेलं गाणं डिसेंबरच्या ईपीत घेताना जुनाच क्रमांक टाका. नवा घेतलात तर तेच गाणं दोनदा दिसतं आणि प्ले विभागले जातात. लाइव्ह किंवा रीमिक्सला मात्र नवा क्रमांक. वितरक बदलायचा झाला तर आधी नव्याकडे त्याच क्रमांकांनी, त्याच नावांनी सगळं चढवा, ते दिसू लागलं की मग जुन्याकडचं उतरवा. उलट क्रमाने केलं की आकडे शून्यावर येतात.

पट्टीचा_गायक
एक भर. बँडचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि त्या नावाचं दुसरं कोणी आधीपासून आहे का ते तपासा. असेल तर अपलोड करतानाच तुमच्या पानाची लिंक द्या. नाहीतर तुमचं गाणं ब्राझीलच्या कोणा डीजेच्या पानावर जाऊन बसतं आणि सोडवायला दिवस लागतात, तेही नेमके पहिल्या आठवड्याचे.

कागदाला_कागद
गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात हे आधी चौघांनी समजून घ्या: एक शब्द आणि चाल, दुसरी रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचा खर्च चौघांनी केला म्हणून चालीचे चार सारखे भाग होत नाहीत, आणि चाल एकाची म्हणून रेकॉर्डिंग त्याचं होत नाही. प्रत्येक गाण्यासाठी एक पान करा: शब्द कोणाचे किती टक्के, चाल कोणाची किती, रेकॉर्डिंगमध्ये कोणाचा किती वाटा, खाली चौघांच्या सह्या आणि तारीख. हे रिलीजआधी. गाणं चालल्यावर टक्क्यांची बोलणी कधीच सरळ होत नाहीत.

शब्द आणि चालीच्या सार्वजनिक वापराची रॉयल्टी आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी गोळा करते. गीतकार आणि संगीतकार दोघांनी वेगवेगळं सदस्य व्हायचं, आणि सदस्यत्वावर न थांबता गाणी नोंदवायची. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचायला मार्गच नसतो. गायक-वादकांसाठी तशीच इस्रा ही संस्था आहे, आता तिचं नाव इसाम्रा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या किंवा रेकॉर्डिंगमधल्या वापराच्या रॉयल्टीतला लेखक-संगीतकाराचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीशिवाय कोणाला देऊन टाकता येत नाही. कोणी तसा करार पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

स्पॉटिफायवर २०२४ पासून १२ महिन्यांत १००० प्ले न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. सहांपैकी शेवटच्या दोन गाण्यांना तेवढे प्ले मिळतील असं गृहीत धरून बजेट आखू नका. अमेरिकी वितरक असेल तर त्याच्याकडचा डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म पॅन टाकून भरा. अमेरिकेतल्या उत्पन्नावर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के कापले जातात, न भरल्यास ३०.

यूट्यूबचं कंटेंट आयडी (तुमचं गाणं इतरांच्या व्हिडिओत ओळखून दावा लावणारी यंत्रणा) लावताना एक पाहा. गाण्यात विकतचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) असेल, जो इतरही कोणी वापरू शकतं, तर त्या गाण्याला लावू नका. तुमचा दावा दुसऱ्याच्या व्हिडिओवर जाऊन बसतो.

ओवी_ओव्हरड्राइव्ह
आमच्याकडे बरेच बँड अभंग घेतात. तुकोबांना हक्क लागू नाही, मग मोकळं रान समजायचं का?

कागदाला_कागद
शब्द मोकळे, चाल नाही. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित. सगळ्यांच्या ओठांवर असलेली चाल परंपरागतच असेल असं धरून चालू नका. देवळात म्हटली जाणारी चालसुद्धा पुष्कळदा रेडिओवरून किंवा रेकॉर्डवरून आलेली असते. स्वतः चाल लावा. आणि अभंगाची नाममुद्रा शेवटी येते, ती लयीत बसत नाही म्हणून गाळू नका. हा कायद्याचा मुद्दा नाही, पण माझा आग्रह आहे.

अर्थिंग_पाहिलं_का
आता जिवाशी खेळ होतो त्याबद्दल. गिटारच्या तारा अँपमार्फत अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरमार्फत. अँपचा प्लग एका बोर्डात आणि मिक्सर दुसऱ्या टोकाला वेगळ्या लाइनवर, त्यात एकीकडे अर्थच नाही, अशा वेळी तारांवर हात आणि जाळीला ओठ लागले की शॉक तुमच्यातून जातो. कॉलेजचं मैदान, मंडप आणि जनरेटर इथे हे सर्रास आढळतं.

मल्टिमीटर बॅगेत हवाच. साउंडचेकआधी, सगळं चालू असताना, एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. वीसेक व्होल्ट दिसले तरी गाणं सुरू करायचं नाही. माइकवर फोमची टोपी चढवणं हा उपाय नव्हे, घामाने ती ओली होते. कोरडा फोम भरोशाचा नाही, ओला तर नाहीच.

सॉकेटचं मोजमाप तिथल्या वायरमनकडून करून घ्या, स्वतः शिकलेले नसाल तर हात घालू नका. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थही तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. न्यूट्रल ते अर्थ ५०-१०० दिसले तर अर्थ तुटलेली आहे. जनरेटरवाल्याला विचारा: न्यूट्रल जमिनीतल्या सळईला जोडलंय का, आणि सळई ओल्या मातीत आहे का? मुरमाड जागी पाणी ओतावं लागतं. हे मोजमाप लाइट लागल्यावर पुन्हा करायचं. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटलं तर एखाद्या लाइनवर ४०० पर्यंत व्होल्ट जातात आणि पेडल, लॅपटॉप, अँप एका क्षणात जळतात. स्टेज आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच फेजवरून मागा, मध्ये ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). लाइटिंगची लाइन वेगळी.

हम (स्पीकरमधली सततची घरघर) येतोय म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे अजून आहेत. कृपा करून हे करू नका. तो हम बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडली गेल्याचा, असतो. तो डीआय बॉक्सवरचं (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून तोडायचा, म्हणजे ऑडिओची वाट तुटते आणि सुरक्षेची अर्थ शाबूत राहते. गिटार घेऊन जागीच फिरल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर दोष गिटारमधल्या सिंगल कॉइल पिकअपचा (तारांचा आवाज पकडणारा भाग), अर्थिंगचा नाही.

टोन_नव्हे_ट्यून
पेडलबद्दल जोडतो. बहुतेकांना ९ व्होल्ट, मध्यभागी ऋण. साधा ओव्हरड्राइव्ह १०-२० मिलिअँपवर चालतो, डिजिटल डिलेला ३०० ते ५०० लागतात. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून माळ काढली की डिजिटल पेडलची किरकिर सगळ्यांत शिरते. प्रत्येक आउटपुट विलग असलेला सप्लाय घ्या, बोर्डावर सगळ्यात आधी पैसे इथे घाला. अमेरिकेतून आणलेल्या अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं वाचल्याशिवाय लावू नका.

जागेवर व्हॉल्व्ह अँप मिळाला तर हेड (अँपचा मुख्य भाग) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) यांचे ओहम जुळवा आणि स्पीकर जोडल्याशिवाय हेड चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मधली वायर स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तापते.

झांज_पिशवी
ड्रम किट बहुतेक ठिकाणी जागेवर असतं, पण झांजा, स्नेअर, किक पेडल आणि बैठक ड्रमरने स्वतःची न्यायची. मेलमध्ये 'ड्रम्स आहेत' एवढं उत्तर आलं तर समाधान मानू नका. झांजांचे स्टँड किती, हायहॅटचा क्लच आहे का, टॉमचे ब्रॅकेट घट्ट बसतात का, गालिचा आहे का, हे फोटोसकट मागवा. गालिचा नसला की तिसऱ्या गाण्यात किक ड्रम पुढे सरकलेला असतो. पिशवीत फेल्ट, प्लास्टिकच्या नळ्या, विंगनट, ड्रमची चावी, स्नेअरची दोरी, किकचा जादा बीटर आणि स्नेअरची एक जादा कातडी. नळीशिवाय झांज धातूवर घासली तर भोकापासून चीर पडते.

रायडर (आयोजकाला द्यायची तांत्रिक गरजांची यादी) एका पानाचा पुरे. वर स्टेजचा नकाशा, खाली इनपुट यादी. या बँडची यादी अशी: किक, स्नेअर, हायहॅट, टॉम, फ्लोअर टॉम, ओव्हरहेड दोन, बेस डीआय, गिटार दोन, आवाज दोन, ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेली साथ). एकूण तेरा. चौदावा क्लिक (वादकांच्या कानातली तालाची टिकटिक), तो प्रेक्षकांच्या मिक्सरकडे जातच नाही, म्हणून रायडरमध्ये लिहायचाच नाही. लिहिला की कोणीतरी तो फेडर वर करतो.

रात्रपाळी_मिक्स
झांज_पिशवी, क्लिकचं अगदी बरोबर. इन-इअर (स्टेजवरचा आवाज कानातल्या इअरफोनमध्ये) करायचं असेल तर बेरिंजर एक्सआर१८ सारखा छोटा मिक्सर आणि १६ चॅनलचा स्प्लिट (माइकचा आवाज दोन मिक्सरना वाटणारा) एका रॅकमध्ये बसतो. त्याला १६ माइक इनपुट आणि ६ ऑक्स (वेगळे मिक्स बाहेर काढायच्या वाटा) आहेत, म्हणजे चौघांना प्रत्येकी एक मोनो मिक्स देऊन दोन उरतात. त्याच्या अंगच्या वायफायवर विसंबू नका. हॉल भरला, दोनशे फोन आले की टॅबलेटचं कनेक्शन तुटतं. बाहेरचा ५ गिगाहर्ट्झ राउटर लावा. स्प्लिटवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकला मिळणारी वीज) एकाच बाजूने द्यायची, कोणी द्यायची ते जागेवरच्या इंजिनिअरशी आधीच बोलून घ्या. आणि त्याला नावाने हाक मारा. संध्याकाळभर तुमचा आवाज त्याच्या हातात आहे.

पिवळी_पाटी
गाडी. चौघे, एक साउंडवाला, एक टी-शर्टच्या टेबलावर: सहा जण. त्यांना १२-१३ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर लागते, मागच्या सीटवर सामान बांधून. पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. भाड्याने घेतलेल्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीला अपघातात विम्याची अडचण येते. कर्नाटक आणि गोवा आहे, तेव्हा ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, ते कागदावर पाहा, तोंडी नको. अँप टपावर चढवू नका, डिसेंबर असला तरी. पाऊस नसेल, घाटातल्या फांद्या असतात.

क्रम असा सुचवतो. मुंबई आधीच्या शनिवार-रविवारी वेगळी उरका, दीडशे किलोमीटर तर आहे. मग बुधवारी कोल्हापूर, गुरुवारी पणजी, शुक्रवार फक्त रस्त्याला, शनिवारी बंगळुरू. पणजी ते बंगळुरू साडेपाचशे-सहाशे किलोमीटर आहे. कार्यक्रम संपवून रात्रीच निघू, हा विचार मनातून काढा. बंगळुरूहून पुणे आठशेच्या वर, मध्ये हुबळी किंवा बेळगावला मुक्काम. चालकाची खोली, जेवण आणि झोप हा बजेटचा पहिला आकडा. सामान उतरवायला त्याला बोलावू नका, तेवढा वेळ त्याला झोपू द्या.

रेल्वेने गेलात तर थ्री एसी किंवा स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत, जादाचं लगेजमध्ये बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये. दोन-तीन मिनिटांच्या थांब्याच्या स्टेशनवर मोठं सामान उतरवणं कठीण, म्हणून पणजीसाठी ते मडगावला उतरवा. विमानात देशांतर्गत साधारण १५ किलो चेक-इन. गिटार हार्ड केसमध्ये, तारा दोन सूर सैल, हेडस्टॉकच्या मागे-पुढे कापड दाबून भरा. मोडतं ते तिथेच.

चौथी_तार
पिवळी_पाटी, मनापासून आभार. वेळेच्या परवानगीचं कोणी लिहील का? आणि पैशांचं?

कागदाला_कागद
उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० नंतर बंद, ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तुमचा दिवस त्यात आहे असं समजू नका. रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकने पिढ्या घडवल्या, त्या रंगमंचावरचा आवाजही याच नियमाने थांबला. म्हणून जागा ठरवताना शेजारी काय आहे ते नकाशावर पाहा. उघड्या जागेवर साडेनऊला शेवटचं गाणं सुरू झालेलं असावं. बारमधली जागा असेल तर ड्राय डे पाहा: निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस यात येतात.

पैशांचे तीन प्रकार: ठरलेलं मानधन, तिकिटातला वाटा, किंवा दोहोंत जे जास्त ते. तिसरा मागा. समजा १२० तिकिटं, ४९९ ला एक: ५९,८८० रुपये. संगीताच्या कार्यक्रमाला ५०० पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून ४९९. आता '७० टक्के तुमचे' म्हणजे कशाचे? तिकीट साइटचं कमिशन, साउंडचं भाडं, पोस्टरचा खर्च आधी वजा होणार का? समजा साउंडचे १२,००० आधी वजा झाले, तर तुमच्या वाट्याला ४१,९१६ ऐवजी ३३,५१६ येतात. एका वाक्याचा फरक आहे, तो मेलवर लिहून घ्या. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले स्टेजवर चढण्याआधी.

मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन न दिल्यास २०. सगळे पैसे एकाच्या खात्यात घेतले की कर विभागाला ते त्याचंच उत्पन्न दिसतं. भागीदारीचा करार करून बँडच्या नावाने पॅन आणि चालू खातं काढा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

शाई_सुकली_का
टी-शर्टचं थोडक्यात. १८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) सुती, एका रंगाची स्क्रीन. पन्नास नगांत एस ६, एम १४, एल १६, एक्सएल १०, डबल एक्सएल ४. प्लास्टिसॉल शाई १६० अंशांच्या आसपास पूर्ण शिजायला हवी, नाहीतर चार धुण्यांत सोलून निघते. एक नमुना घेऊन ताणून पाहा, चिरा पडल्या तर लॉट परत. तळघरातल्या जागी नेटवर्क नसतं, यूपीआयवर सगळी भिस्त नको, सुटे पैसे ठेवा.

टोन_नव्हे_ट्यून
पणजीसाठी एक राहिलं. पुण्याच्या कोरड्या थंडीतून दमट हवेत उतरल्यावर गिटारची मान हलते. केस उघडून अर्धा तास तशीच राहू द्या, मग ट्यून करा. ट्रस रॉड (मानेतली बाक सुधारणारी सळई) फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि कार्यक्रमाच्या दिवशी नाहीच. तारा आदल्या दिवशी बदला, ताणून बसवा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि तारांचे दोन जादा संच, बेसचा एक. बेसवाले तो नेहमी विसरतात आणि कोल्हापुरात रात्री आठला दुकान उघडं सापडत नाही.